नाव बदललं म्हणून वावर जात नाही

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत पारावर एक गोष्ट कैक वर्षं फिरते: तृतीयपंथी लेकरानं नवं नाव घेतलं की घराशी नातं तुटलं, सातबाऱ्यावरचा हिस्सा गेला. ही अफवा बहुतेकदा भावकीच पिकवते, तिचाच त्यात फायदा असतो.

वारसा नावावर नव्हे, नात्यावर चालतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांना लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. म्हणजे 'संजय'ची 'संजना' झाली तरी वाटा तेवढाच. वडील स्वकष्टाची जमीन मृत्युपत्रानं दुसऱ्याला देऊ शकतात, पण ते कोणत्याही लेकराच्या बाबतीत.

खरी अडचण कागद जुळण्याची. फेरफाराच्या वेळी जुन्या नावाचा माणूस तोच, हे दाखवावं लागतं. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा. त्याची प्रत जपून ठेवा. मग आधार, बँक पासबुक, आणि शेवटी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज. नुसत्या नावबदलासाठी ऑपरेशनचा दाखला लागत नाही.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे नाव आधी वर्षभर घरात, मैत्रिणींत वापरून पाहा. अंगवळणी पडलं की मगच छापायला द्या. आडनाव तेच ठेवलं, तर वारस नोंदीला सोपं जातं. सक्ती मात्र नाही.