समान नागरी कायदा : गाडी १९५१ सालीच अडली

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला आणि जुना वाद पुन्हा पेटला. बाजू कुठलीही असो, बहुतेक जण सुरुवात करतात ती इंदूरच्या शाहबानोच्या पोटगीच्या खटल्यापासून, म्हणजे १९८५ पासून. खरा पेच त्याआधी ३४ वर्षे, मुंबईत पडला होता.

घटना समितीत २३ नोव्हेंबर १९४८ ला व्यक्तिगत कायदे, म्हणजे लग्न, घटस्फोट, वारसा यांचे धर्मागणिक वेगळे नियम, समान नागरी कायद्याच्या तरतुदीतून वगळावेत, अशा दुरुस्त्या आल्या आणि फेटाळल्या गेल्या. त्याआधी मूलभूत हक्कांच्या उपसमितीतल्या तिघांनी, त्यांत दोन स्त्रिया, वेगळे टिपण जोडून धर्माधारित व्यक्तिगत कायद्यांमुळे देशाचे एकराष्ट्र होणे अडते, असे बजावले होते. तरीही तरतूद मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. तेच आजचे कलम ४४. न्यायालयात दाद मागून ते अमलात आणता येत नाही. पण मूलभूत हक्कांच्या आधारे एखाद्या अन्यायकारक प्रथेला आव्हान देण्याची वाट तोवर बंद झालेली नव्हती.

मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना बंदी करणारा कायदा केला होता. राज्यघटना आल्यावर प्रश्न उभा राहिला : ही बंदी फक्त हिंदूंनाच का? १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी कायदा वैध ठरवला. सुधारणा टप्प्याटप्प्याने, एकेका समाजापासून सुरू करायची मुभा राज्याला आहे, असे त्यांचे म्हणणे. इथपर्यंत तक्रार करण्यासारखे काही नाही. मात्र त्याच निकालात आणखी एक गोष्ट सांगितली गेली : मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरवते ते कलम १३; व्यक्तिगत कायदा हा त्यातला 'कायदा' नव्हेच, त्यामुळे मूलभूत हक्कांची कसोटी त्याला लागू होत नाही.

युक्तिवाद असा होता. १९१५ च्या भारत सरकार कायद्यात 'व्यक्तिगत कायदा' आणि 'कायद्याचे बळ असलेली रूढी' असे दोन वेगळे उल्लेख होते. घटनाकारांनी कलम १३ मध्ये रूढी घेतली, व्यक्तिगत कायदा घेतला नाही, म्हणजे तो जाणूनबुजून वगळला. शिवाय व्यक्तिगत कायदे आपोआपच रद्द होणार असते, तर अस्पृश्यताबंदीचे कलम १७ किंवा खुद्द कलम ४४ वेगळे लिहायची गरज काय?

मला हे वाचन कधीच पटलेले नाही. कलम १३ मधली व्याख्या 'यात समावेश होतो' अशा भाषेत आहे. ती यादी तिथेच संपत नाही. रूढीला समतेची कसोटी लागते आणि त्याच रूढींतून घडलेल्या, घरातल्या बाईचे आयुष्य ठरवणाऱ्या नियमांना लागत नाही, हे तर्काला धरून नाही. हेतू सुधारणेचाच होता, हे मान्य. परिणाम मात्र असा झाला, की पुढची कित्येक वर्षे समतेचा हक्क घेऊन व्यक्तिगत कायद्याविरुद्ध गेलेल्याला आधी हाच निकाल आडवा येई.

१९५५-५६ मध्ये संसदेने हिंदूंचे विवाह, वारसा, दत्तक यांचे कायदे केले. परंपरावाद्यांनी कडाडून विरोध केला, तरी समाजाने ते पचवले. इतरांच्या बाबतीत संसदेने तोच धीर दाखवला नाही. मुंबईत १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध, समान कायद्यासाठी मोर्चा काढला. सातच जणी, पण मागणी त्या समाजाच्या आतून आली होती.

इंदूरच्या त्या वृद्ध घटस्फोटितेला दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क कायम ठेवला आणि पुढच्याच वर्षी सरकारने दबावाखाली नवा कायदा करून त्याची धार काढली. मतांच्या हिशेबात इतक्या थोड्या रकमेचाही बळी गेला.

२०१७ मध्ये तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी अवैध ठरला. १९५१ च्या निकालाचा योग्य प्रकरणात फेरविचार करावा लागू शकेल, असे एका न्यायमूर्तींनी त्यात नमूद केले. २०१८ च्या शबरीमला निकालात दुसऱ्या न्यायमूर्तींनी त्याचा पायाच चुकीचा म्हटला. पण दोन्ही वेळा ती ज्याची-त्याची मते राहिली, निकाल रद्द झाला नाही.

गोव्याचा दाखला सगळेच देतात. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही तिथे चालू राहिली. आधी करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. म्हणून बार्देशात जमीन विकायची तर खरेदीखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. त्यातही १८८० च्या हुकुमाने हिंदूंसाठी काही अपवाद ठेवलेले आहेत, हे सांगायला हवे.

उत्तराखंडाच्या कायद्याचे मी स्वागत करतो, पण अनुसूचित जमातींना त्यातून वगळले आहे, ते खटकते. समान म्हणायचे आणि जौनसार-बावर या जमातींच्या भागातल्या डोंगरांतल्या बाईला लग्न आणि वारशासाठी जुन्या रूढीवरच सोडायचे, याचे समर्थन आमच्या बाजूनेही करू नये.