बेब रूथ, तीन बोटांचा ब्राऊन आणि न झालेला सामना

न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने १९२७ च्या हंगामात ११० सामने जिंकले आणि ४४ गमावले. त्या वर्षी त्यांच्या बेब रूथने एकट्याने ६० होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारले. यांकीज ज्यात खेळत त्या अमेरिकन लीगमधल्या बाकीच्या सात संघांपैकी एकाही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत. त्याआधी एकवीस वर्षं, १९०६ मध्ये, शिकागो कब्जने ११६ सामने जिंकून फक्त ३६ गमावले होते. त्यांचा हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) म्हणजे मॉर्डेकाय ब्राऊन. लहानपणी शेतावरच्या चारा कापायच्या यंत्रात त्याची तर्जनी गेली, पुढे पडून दुसरी बोटं मोडली आणि वाकडी जुळली. त्या वाकड्या पकडीतून सुटलेला चेंडू बॅटरपाशी येता येता खाली बुडायचा. १९०६ मध्ये दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, ब्राऊनच्या खात्यावर सरासरी १.०४ रन लागले.

हे दोन संघ समोरासमोर आले असते तर? अमेरिकेतले बेसबॉलवेडे असे सामने गेली कित्येक दशकं फाशांवर आणि आता संगणकावर खेळवत आले आहेत. संभाव्यतेचं गणित अंगात मुरवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलेल्यांना यातली मूळ अडचण लगेच कळेल. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा अंक म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. डावीकडचं पान नेहमी सम क्रमांकाचं, म्हणून ०, २, ४, ६, ८ एवढेच अंक येतात. प्रत्येकाची शक्यता सारखी धरली तर दर विकेटमागे सरासरी २० धावा निघतात. पण मग तेंडुलकरच्याही वीस आणि अकराव्या नंबरवाल्याच्याही वीसच! खेळाडूचं कसब त्या खेळात शिरतच नाही.

हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या खेळात ते कसब कार्डावर छापलेलं असतं. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड आणि टाकायला तीन फासे. पहिल्या फाशावर १ ते ३ पडलं तर निकाल बॅटरच्या कार्डावर बघायचा, ४ ते ६ पडलं तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज कार्डावरची ओळ दाखवते. बेरीज ७ सहा तऱ्हांनी येते, २ मात्र एकाच तऱ्हेने. त्यामुळे ‘हिट’ (चेंडू मारून बॅटर सुखरूप बेसवर पोहोचणं) ७ समोर छापलं की २ समोर, यात सहापट फरक पडतो.

यातली खरी गंमत कार्ड बनवताना कळते. समजा एखादा बॅटर हजारात ३५० वेळा हिट मारतो आणि लीगची सरासरी २८० आहे. त्याच्या कार्डावर ३५० चंच प्रमाण छापलं तर तो खेळात ३१५ वर घसरतो, कारण निम्मे निकाल पिचरच्या कार्डावरून येतात आणि तिथे सरासरी २८० च असते. म्हणून कार्डावर ४२० चं प्रमाण ठेवावं लागतं. ४२० आणि २८० यांची सरासरी ३५०.

संगणकावर यापेक्षा काटेकोर रीत वापरता येते. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या सूत्रात प्रत्येकाचं हिट-विरुद्ध-आउट असं गुणोत्तर घेतात. बॅटर हजारात ३०० हिट मारणारा, म्हणजे ३:७. पिचर २०० च देणारा, म्हणजे २:८. लीग २५० ची, म्हणजे १:३. पहिल्या दोन गुणोत्तरांचा गुणाकार करून लीगच्या गुणोत्तराने भागलं की उत्तर येतं हजारात सुमारे २४३. नुसती सरासरी काढली असती तर २५० आलं असतं.

आता रूथ आणि ब्राऊन यांच्यासाठी ‘लीग’ कोणती धरायची? १९०६ मध्ये कब्जच्या नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त होम रन मारणाऱ्याच्या नावावर जेमतेम १२ होते. तेव्हा एकच चेंडू काळा, मऊ होईपर्यंत वापरत आणि पिचर त्याला राजरोस थुंकी लावत. १९२० मध्ये थुंकीवर बंदी आली. काही जुन्या पिचरना तेवढी सूट मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला चेंडू लागून त्याचा मृत्यू झाला आणि मळका चेंडू बदलून स्वच्छ, नीट दिसणारा चेंडू देण्यावर भर आला. म्हणून ब्राऊनचे १.०४ आणि रूथचे ६० एका मापाने मोजता येत नाहीत. प्रत्येकाला आधी त्याच्या काळाच्या सरासरीशी ताडून बघायचं आणि मगच एका मैदानात उतरवायचं. माझ्या मते चेंडू १९०६ चा की १९२७ चा, हे ठरवल्याशिवाय असा सामना सुरूच करू नये.

आणि एकच सामना खेळवून काहीच ठरत नाही. १९४६ मध्ये आजारातून उठलेले गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसले होते. डाव सुटायची शक्यता किती, हे सूत्राने काढणं जड जात होतं, तेव्हा त्यांना सुचलं की सरळ शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते मोजावेत. ‘मोंटे कार्लो’ पद्धत जन्मली ती या विचारातून, आणि लॉस अलामॉस या अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेत तीच न्यूट्रॉनच्या हिशेबांसाठी वापरली गेली. बेसबॉलला ती चपखल बसते. तीन बेसवर (धावताना थांबायच्या ठिकाणांवर) कोण उभं आहे याच्या ८ शक्यता, आउट ०, १ किंवा २, कारण तिसऱ्या आउटला संघाची पाळी संपते. एवढ्या २४ अवस्थांत अर्ध्या इनिंगमधली कुठलीही परिस्थिती मावते. तुल्यबळ संघांचे १०० सामने खेळवले तर जिंकण्याच्या टक्केवारीत साधारण दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. १०,००० खेळवले तर एखादाच टक्का.

कब्जचंच बघा. १९०६ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, त्यांच्यासमोर होता शिकागोचाच व्हाइट सॉक्स. ९३ विजय, ५८ पराभव, बॅटिंगची सरासरी हजारात २३०, म्हणजे आपल्या अमेरिकन लीगमध्ये तळाला. जेम्स यांचं सूत्र दोन्ही संघांच्या विजयाच्या प्रमाणांना लावलं तर एका सामन्यात कब्जची शक्यता ६७ टक्के येते आणि आधी चार सामने जिंकायच्या मालिकेत ८३ टक्के. प्रत्यक्षात पाचव्या आणि सहाव्या सामन्यात सॉक्सने आठ-आठ रन ठोकले आणि मालिका ४-२ ने नेली. लोकांनी तेव्हा याला चमत्कार म्हटलं असेल, पण सॉक्सच्या वाट्याची १७ टक्के शक्यता म्हणजे एका फाशावर सहा पडण्याइतकी. शिवाय हा हिशेब दोन्ही लीग सारख्याच ताकदीच्या धरून केलेला आहे. अमेरिकन लीग जराशी वरचढ धरली, तर सॉक्सची बाजू आणखी भक्कम होते.