कंपोस्टेबल आणि बायोडिग्रेडेबल: मधली ती तिरकी रेघ आधी पुसा

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लॅबवाले दारं उघडतात, मी पोरांना घेऊन जातोच, आणि प्लास्टिकच्या स्टॉलवर दरवर्षी तोच घोळ. यंदा तर पाटीच लावलेली, 'बायोडिग्रेडेबल/कंपोस्टेबल पिशव्या'. त्या तिरक्या रेघेनेच डोकं फिरलं माझं.

बायोडिग्रेडेबल म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, जिवाणू-बुरशी खातात, कुजतं, झालं. फक्त किती दिवसांत आणि कुठे, हे त्या शब्दात नाहीच. लाकडाचा ओंडकापण बायोडिग्रेडेबलच की, लागू देत त्याला कितीही वर्षं.

कंपोस्टेबल मात्र परीक्षा देऊन पास झालेलं असावं लागतं. त्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे भारतीय-आंतरराष्ट्रीय मानक आहे. साधारण ५८ अंश तापमानाच्या खतात १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, तुकडे बारीक चाळणीतून गळायला हवेत आणि त्या खतात रोपं नीट उगवायला हवीत. म्हणजे कंपोस्टेबल ते सगळं बायोडिग्रेडेबल, उलटं नाही. इथवर लोकांना पटतं.

घोळ होतो तो त्या ५८ अंशांवर. एवढी ऊब मोठ्या प्लांटमधल्या ढिगाऱ्यात असते, आपल्या बाल्कनीतल्या कुंडीत नाही हो! ते पारदर्शक 'मक्याचे' कप असतात ना, ते पीएलए नावाच्या प्लास्टिकचे. हे प्लास्टिक ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, मग ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्यानंतर कुठे जिवाणूंना घास मिळतो. एवढी ऊब नसेल तर पहिलीच पायरी अडते. मी एक कप फोडून कुंडीत पुरला होता, पावसाळा गेला, दिवाळी गेली, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं काळं भुसभुशीत झालं आणि कपाचा काठ जसाच्या तसा, नखाने वाजवला तर टक्क आवाज. समुद्रातही एवढी ऊब नसतेच, तिथलं बोलायलाच नको. घरच्या खतासाठी वेगळी चाचणी असते, पॅकवर 'होम कंपोस्टेबल' असं स्पष्ट नसेल तर कुंडीत टाकू नका.

आणि ते 'मक्यापासून बनलंय म्हणजे कुजणारच'! कशापासून बनलं आणि शेवटी काय होतं, यांचा एकमेकांशी संबंध नाही. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन करतात, ते नेहमीच्या पॉलिथिनसारखंच ढिम्म राहतं. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक येतं पेट्रोलियमपासून, तरी ते कंपोस्ट होतं, आणि कंपोस्टेबल पिशव्यांत बहुतेक वेळा तेच असतं.

काही 'बायोडिग्रेडेबल' पिशव्या तर साध्या पॉलिथिनमध्ये रासायनिक मसाला घालून उन्हात चुरा होणाऱ्या, ऑक्सो म्हणतात त्यांना. युरोपियन युनियनने २०२१ पासून बंद केल्यात, मीपण घेत नाही.

बाकी त्या स्टॉलवरचा दुधात व्हिनेगर घालून प्लास्टिकसारखी चांदणी बनवायचा खेळ मस्त आहे, धाकटीने दोन केल्या, घरभर वास.

पिशवी घेताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्टिफिकेटचा नंबर छापलाय का बघा, आणि ती दुधाच्या पिशव्यांसोबत रद्दीवाल्याला देऊ नका, त्यांचा रिसायकलिंगचा लॉट खराब होतो. मी तरी कापडीच वापरतो. कपाचा तो काठ डबीत ठेवलाय, पुढच्या वर्षी स्टॉलवरच्या टेबलावर ठेवणारे.