घर बदलले, टपाल मागेच राहिले : पुनर्प्रेषणाची पार्श्वभूमी

आपण घर बदलले की जुन्या पत्त्यावरचे टपाल आपोआप मागोमाग येते, असे नाशिकच्या जुन्या मंडळींना अजूनही वाटते. ते खरे नाही, पण ही समजूत हवेतूनही आलेली नाही. तिवंधा, तांबट लेन, भद्रकाली या भागांत एकेकाळी तसे घडत असे. बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या ठरलेल्या भागात, वर्षानुवर्षे तोच पोस्टमन असायचा. कोणत्या वाड्यातले कोणते बिऱ्हाड पंचवटीत गेले आणि कोणाचा मुलगा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात लागून तिकडे राहायला गेला, हे त्याला तोंडपाठ. पाकिटावरचा पत्ता खोडून तो नवा लिहायचा आणि पाकीट परत टपालात घालायचा. अर्जाबिर्जाची गरज क्वचितच पडे. म्हणजे लोकांना जी सेवा वाटत होती ती बहुतांशी एका माणसाची स्मरणशक्ती होती. तो माणूस निवृत्त झाला की ती सेवाही निवृत्त व्हायची.

कायद्याने मात्र या गोष्टीकडे कधीच फारशा जिव्हाळ्याने पाहिले नाही. १८९८ चा टपाल कायदा थेट १८ जून २०२४ पर्यंत चालला, आणि त्यात ‘पोचवणे’ म्हणजे काय ते सुरुवातीलाच सांगून टाकले होते. पत्र पत्ताधारकाच्या घरी किंवा कचेरीत दिले, अथवा त्याच्या नोकराच्या हाती, किंवा एरवी त्याचे टपाल घेणाऱ्या माणसाच्या हाती दिले, तरी ते पोचले असे धरायचे. माणूस स्वतः तिथे हवाच, अशी अट नव्हती. पत्र उशिरा पोचले किंवा चुकीच्या ठिकाणी गेले तर खात्यावर जबाबदारी नाही, हेही त्यातच होते. न पोचलेले पत्र ठरावीक मुदतीनंतर पाठवणाऱ्याकडे परत जाई, तेही शक्य नसेल तर वरिष्ठ कचेरीत. तिथे गुप्ततेला बांधलेला अधिकारी ते उघडून आत कोणाचा ठावठिकाणा सापडतो का, ते पाही.

खरा गुंता आहे तो वाटेतल्या पत्राच्या मालकीचा. पुनर्प्रेषण, म्हणजे टपाल नव्या पत्त्यावर पुढे पाठवणे, अर्धवट का राहिले, याचे उत्तर तिथे सापडते. पत्र पेटीत पडल्यापासून ते हाती पडेपर्यंत ते कोणाचे? आपल्याकडची सर्वसाधारण भूमिका अशी की ते पाठवणाऱ्याचे. ठरलेल्या अटी पाळून पाठवणारा ते वाटेतूनच परत मागवू शकतो. टपाल खाते त्याच्या वतीने ते वाहून नेते.

या प्रश्नावर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आला तो एका मराठी कारखान्याच्या खटल्यात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कारखाना औंध संस्थानात होता आणि कंदील बनवायचा. सरकारला कंदील पुरवले, बिलावर ‘रक्कम चेकने पाठवावी’ असे लिहिले, आणि दिल्लीहून चेक टपालाने आले. आयकर खात्याचा प्रश्न असा, की पैसे मिळाले कुठे? दिल्लीत, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात, की संस्थानात? उच्च न्यायालय कारखान्याच्या बाजूने गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. चेक टपालाने पाठवा असे घेणाऱ्याने स्वतः सुचवले असेल, तर टपाल खाते घेणाऱ्याचे प्रतिनिधी ठरते आणि चेक टपालात पडला तिथेच तो त्याला मिळाला. तशी विनंती नसेल तर टपाल खाते पाठवणाऱ्याचेच प्रतिनिधी.

वाद कराचा होता, घर बदलण्याचा नव्हे. पण त्यातले तत्त्व तिवंध्यातल्या भाडेकरूलाही तितकेच लागू पडते. एरवी पत्र पाठवणाऱ्याचे असेल, तर ‘माझे टपाल इंदिरानगरला पाठवा’ हा आपला अर्ज म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूबद्दल केलेली विनंती होते. खाते ती मान्य करते, पण पाठवणाऱ्याने पाकिटावर पुढे पाठवू नये असे छापले असेल तर ते वरचढ. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांतही हाच क्रम आहे. बँकेच्या पाकिटावर कोपऱ्यात ‘न मिळाल्यास परत पाठवा’ अशी ओळ आणि खाली तिचा स्वतःचा पत्ता असतो, ती ओळ शोभेसाठी छापलेली नसते.

ब्रिटनमध्ये याचे रूपांतर पैसे मोजून घ्यायच्या सेवेत झाले आहे, अमेरिकेत घर बदलल्याची एकदा नोंद केली की पत्रे काही काळ फुकट पुढे येतात. आपल्याकडे ते अर्जावर, आणि खरे सांगायचे तर ओळखीवर राहिले.

ओळख पुरेनाशी झाली ती शहर वाढल्यावर. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. जिल्ह्याच्या वाट्याला ४२२ आणि मालेगाव, मनमाड, येवला या बाजूला ४२३. शेवटचे तीन आकडे बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे. त्याच दशकात सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमागोमाग सिडको या सरकारी महामंडळाच्या घरांच्या योजना उभ्या राहिल्या, आणि ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली. शहर एक झाले, पिन मात्र वेगवेगळेच राहिले. गावठाणातून सिडकोत गेलेला माणूस शहराच्या हद्दीतच असे, पण टपालासाठी तो ४२२००१ सोडून ४२२००९ मध्ये गेलेला असे, म्हणजे दुसऱ्या कार्यालयाच्या, दुसऱ्या पोस्टमनच्या ताब्यात. आजही लोक पहिली चूक इथेच करतात. अर्ज जुन्या पत्त्याच्या बटवडा कार्यालयात द्यायचा असतो आणि लोक नव्या घराजवळच्या पोस्टात जाऊन उभे राहतात.

त्यात सिडकोचे पत्ते. एन-३२ सारखे विभाग, त्यापुढे घरांचे अक्षर-आकडे, आणि बोलीभाषेत मात्र ‘पवननगर स्टेडियममागे’. वाड्याच्या नावावर चालणाऱ्या पोस्टमनला हे नवेच होते. भाडेकरूंचे अकरा महिन्यांचे करार रुळल्यावर तर बीटवरची यादी दरवर्षी बदलू लागली.

देवळाली कॅम्पातल्या फौजेपुढे मात्र हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. लष्करी टपालात ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असा पत्ता असतो आणि पत्र तुकडीच्या नावाने जाते. तुकडी आज कुठे आहे हे पाठवणाऱ्याला कळायची गरज नाही, ते लष्करी टपालाने बघायचे. घर बदलण्याचा खरा तोडगा हाच होता, पण नागरी टपालाला तो परवडणारा नव्हता.

पुढे पत्ता हाच पुरावा झाला आणि गाडी उलट फिरली. वाहन परवाना, गाडीचे नोंदणी कार्ड, पासपोर्ट हे टपालाने पाठवण्यामागचा हेतूच मुळी त्या पत्त्यावर तो माणूस खरोखर राहतो की नाही हे तपासणे हा होता. अशा टपालाचे पुनर्प्रेषण केले तर तो हेतूच मोडतो. म्हणून घर बदललेल्याचे नोंदणी कार्ड परिवहन कार्यालयात परत जाते, आणि पेठ रोडवरच्या त्या कचेरीत खेटे घालावे लागतात. ज्या टपालासाठी माणूस खरोखर हवालदिल होतो ते पुढे येत नाही, जाहिरातींची पत्रके मात्र पोस्टमन बिनबोभाट नव्या घरी आणून देतो.

कायदेशीर नोटिशींचे तर विचारूच नका. चेक न वटल्याची नोटीस योग्य पत्त्यावर रजिस्टरने पाठवली की ती बजावली गेली असे गृहीत धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पक्के केले. मिळालीच नाही म्हणणाऱ्याला समन्स हाती पडल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची वाट ठेवली. पाकिटावर पोस्टमनने ‘जागा सोडून गेले’ असा शेरा मारला असेल तर पत्ता मुळात बरोबर होता का, यावर न्यायालयात तारखांवर तारखा जातात. पुनर्प्रेषणाचा अर्ज दिलेला असेल तर निदान आपण लपलो नव्हतो एवढे तरी दाखवता येते. वकील मंडळी अर्जाच्या पोचपावतीसाठी आग्रह धरतात तो यासाठी.

दुसऱ्याचे टपाल दडवून ठेवणे हा १८९८ च्या कायद्यात गुन्हा होता, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. २०२३ मध्ये किरकोळ गुन्हे वगळण्याच्या मोहिमेत त्या कायद्यातली सगळी शिक्षेची कलमे गेली, आणि त्याच वर्षी संमत झालेल्या नव्या टपाल कायद्याने ती परत आणली नाहीत. जुन्या घरातल्या नव्या भाडेकरूने तुमची पत्रे टेबलाच्या खणात साठवली, तर त्याला निदान दाखवायला एक कलम होते, तेही गेले. या बदलावर संसदेत चर्चा झाली ती टपाल अडवून तपासण्याच्या सरकारी अधिकारांवर. भाडेकरूच्या खणाबद्दल कोण बोलणार?

२०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आणि ओटीपी देऊन टपाल घेण्याची सोय आली. पत्त्याइतकाच मोबाइल नंबर महत्त्वाचा झाला आणि तो घर बदलल्याने बदलत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात डिजिपिनही आला. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा कोड. नव्या कायद्यात पत्ता कसा लिहावा आणि कोणते कोड वापरावेत याचे निकष ठरवायचा अधिकार सरकारने घेतलाच आहे. हा कोड जागेचा आहे, माणसाचा नाही. गंगापूर रोडवरच्या दहा मजली इमारतीत तळमजल्याचा आणि त्याच्या बरोबर वरच्या दहाव्या मजल्याचा कोड एकच, आणि तिथून कोणी म्हसरूळला राहायला गेले तर कोड मागेच राहणार.