‘पाचवी मराठा’ की ‘५ मराठा’? पणजोबांची पलटण शोधताना होणारा घोळ

आमच्या घरात एकच वाक्य चालत आलेलं, "पणजोबा पाचव्या मराठात होते, दुसऱ्या महायुद्धात लढले." बस्स, याच्यापुढे कोणालाच काही माहीत नाही. मग मी काय केलं, पाचवी मराठा म्हणजे आजची ५ मराठा लाइट इन्फन्ट्री असं धरून चाललो आणि जवळजवळ वर्षभर त्याच पलटणीचा इतिहास खणत बसलो, ती कधी कुठे गेली, कोणत्या ब्रिगेडमध्ये होती, सगळं वहीत उतरवलं, आणि शेवटी कळलं की पणजोबा त्या पलटणीत नव्हतेच. हा घोळ बऱ्याच घरांत होत असणार म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दोन्हीकडे पाच आहे, पण एक पाच रेजिमेंटचा आणि दुसरा पलटणीचा. रेजिमेंट म्हणजे घराणं समजा आणि पलटण, म्हणजे बटालियन, हे त्यातलं एक बिऱ्हाड. घराण्याचं नाव एक, पण एक बिऱ्हाड इटलीत, दुसरं बर्मा बॉर्डरवर, तिसरं आणखी कुठे. जवान राहतो, लढतो, जखमी होतो ते पलटणीत, त्यामुळे पलटण कळल्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही.

आता हे दोन पाच आले कुठून. पहिल्या महायुद्धात सहा वेगवेगळ्या मराठा रेजिमेंट होत्या, नंबर १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. तेव्हा एक नंबर म्हणजे साधारण एकच पलटण, त्यामुळे त्या काळचा कागद वाचायला सोपा, ‘११० मराठा’ लिहिलंय म्हणजे ११० मराठा, संपलं. १९२२ मध्ये इंग्रजांनी या सहाही एकत्र करून एक मोठी रेजिमेंट केली, तिचं नाव ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री, सेंटर बेळगावला. १०३ झाली तिची पहिली पलटण, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ला ट्रेनिंगचं काम देऊन दहावी केली. म्हणजे १९२२ नंतर मराठा रेजिमेंटमधल्या प्रत्येक जवानाच्या नावापुढे पाच लागलाच, मग तो कुठल्याही पलटणीत असो! पुढे १९४५ मध्ये रेजिमेंटच्या नावातला हा पाच काढून टाकला, आणि तेव्हापासून ‘५ मराठा’ म्हटलं की फक्त पाचवी पलटण, म्हणजे जुनी ११७.

त्यात अजून एक तिसरा पाच आहे, तो तर भलताच फसवतो. दुसऱ्या पलटणीला आजही ‘काळी पाचवी’ म्हणतात, कारण १९०३ च्या आधी ती ५वी बॉम्बे इन्फन्ट्री होती (१९०३ ला बॉम्बेच्या नंबरांत शंभर मिळवले म्हणून तिची १०५ झाली). त्यामुळे घरातलं कोणी म्हातारं माणूस "काळी पाचवी" म्हणत असेल तर ते पाचव्या पलटणीबद्दल बोलत नाहीयेत, दुसऱ्या पलटणीबद्दल बोलतायत. असा शब्द कानावर आला तर लगेच लिहून ठेवा, कागदापेक्षा कमी मोलाचा नाही तो.

मला उत्तर मिळालं ते ट्रंकेत. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली एक डिस्चार्जचा कागद निघाला, चार घड्या, घड्यांवर फाटलेला, शाई तपकिरी पडलेली, आणि युनिटच्या रकान्यात ‘४/५’. आधी मला ती तारीख वाटली, चार मे. मग लक्षात आलं की हा आकडा असा वाचायचा असतो, तिरप्या रेघेच्या आधी पलटण आणि नंतर रेजिमेंट. म्हणजे ५व्या मराठाची ४थी पलटण. वर्षभर मी रेघेच्या चुकीच्या बाजूला शोधत होतो.

एका आकड्याने किती फरक पडतो बघा. यशवंत घाडगे, ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस (शौर्याचं सर्वांत मोठं ब्रिटिश पदक) मिळाला, ते ३/५ चे, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. नामदेव जाधव १/५ चे, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो ९ एप्रिल १९४५ ला इटलीतच सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमाबद्दल. २/५ त्याआधी १९४२ च्या जूनमध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा तिथे होती. आणि ४/५ मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात, सांगशाकला जपान्यांसमोर. चारही ठिकाणी कागदावर ‘५वी मराठा’च लिहिलेलं, आणि माणूस आफ्रिकेत होता की इटलीत की आपल्याच ईशान्येला, हे ठरतं रेघेच्या आधीच्या आकड्यावर.

म्हणून कागद हातात आला की आधी वर्ष बघायचं. तीन आकडी नंबर असेल तर कागद १९०३ ते १९२२ मधला, तिथे गोंधळ नाही, फक्त पुढे ती कुठली पलटण झाली ते वरून लावून घ्या. उदाहरणार्थ पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही अडकल्या होत्या, त्या नंतर १/५, ३/५ आणि ५/५ झाल्या. १९२२ ते १९४५ मधल्या कागदावर नुसता एकच पाच दिसला तर तो रेजिमेंटचा धरा आणि पलटण दुसरीकडून शोधा. भरतीच्या कागदावर १०/५ असेल तर ती ट्रेनिंगची पलटण, माणूस पुढे दुसऱ्या पलटणीत गेलेला असू शकतो. पहिल्या महायुद्धाचं मेडल घरात असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं, टॉर्च तिरका धरून वाचा, पॉलिश अजिबात करू नका, आधीच झिजलेली अक्षरं असतात ती. आणि नुसत्या शिपाई नंबरवर विसंबू नका, त्या काळी नंबर रेजिमेंटनिहाय द्यायचे, तोच नंबर दुसऱ्या रेजिमेंटमध्ये दुसऱ्याच कोणाचा निघतो.

युद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, जिल्हा असतो, पण स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाचं, पवारांचे पोवार झालेले असतात, म्हणून गावावरूनही शोधून बघा. लढाईची रोजची हकीकत हवी तर वॉर डायरी, ती प्रत्येक पलटणीची वेगळी असते आणि बऱ्याचशा लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. तिच्यात साध्या शिपायाचं नाव सहसा येत नाही, पण तो दिवस कसा गेला ते येतं. खुद्द माणसाची नोंद मागायची तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं, आणि पेन्शन न मिळता सुटलेल्यांची शीट रोल (जवानाच्या नोकरीची सविस्तर नोंद) २५ वर्षांनी नष्ट करतात असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका, लाँग रोलमधली, म्हणजे सगळ्या जवानांच्या कायमच्या नोंदवहीतली नोंद मागा, ती ठेवलेली असते, त्यात भरती आणि डिस्चार्जच्या तारखा मिळतात.

आमची पणजी सांगायची, पणजोबांना लढाईचं विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "डोंगरावर पाणी नव्हतं." आम्ही सगळे समजायचो की आफ्रिकेच्या वाळवंटाबद्दल बोलतायत, डोंगर कुठून आला हे कोणी विचारलंच नाही. ‘४/५’ वाचल्यावर सांगशाकबद्दल वाचायला घेतलं, २२ ते २६ मार्च १९४४, उघड्या टेकडीवर वेढले गेलेले, आणि पाण्याचे प्रचंड हाल. पणजी आता नाही, नाहीतर पहिलं तिलाच वाचून दाखवलं असतं.