बाळ काचेत, आई बाकावर

पाटण-जावळीच्या वाड्यावस्त्यांवरून, माण-खटावमधून, दिवस भरायच्या आत बाळंत झालेल्या कितीतरी जणी साताऱ्यात आणल्या जातात. बाळ नवजात शिशू कक्षात जातं. घरचे फोनवर सांगतात, "काचेत ठेवलंय." आई दुसऱ्या वॉर्डात, ओल्या टाक्यांनिशी. पाचवी पुजायची कुठे, हेही कुणाला सुचत नाही. भेटायला आलेली बाई आधी बाळाचं विचारते, मग आवाज खाली आणून, "सातव्यातच कसं गं झालं? जड उचललंस का काही?" हा प्रश्न आई स्वतःला रात्रभर विचारत असते. बहुतेक वेळा यात तिची काहीच चूक नसते. नेमकं कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही.

बाळंतपणानंतर संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते. पहिले दहा-पंधरा दिवस उगीच रडू येणं त्यामुळे नेहमीचंच. त्यात बाळ नजरेआड आणि यंत्रांची टुकटुक. अशा आयांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतर बाळंतिणींपेक्षा जास्त आढळतं.

दूध काढायची वेळ बघा. दाराशी बांगड्या उतरवायच्या, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे, मग स्टीलच्या वाटीत थेंब-थेंब पिळायचं. दूध बाहेर येतं ते ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि भीती, ताण, वेदना त्याला अडवतात. वाटीच्या तळाशी जेमतेम पाच मिली. बाहेर कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही." बाराशे ग्रॅमच्या बाळाला सुरुवातीला नळीतून एका वेळी साधारण तेवढंच देतात, हे तिला त्याच क्षणी कुणी सांगायला हवं!

आई ही उपचाराचाच भाग आहे, याचा भक्कम पुरावा 2021 साली आला. दिल्लीच्या सफदरजंगसह भारत आणि आफ्रिकेतल्या पाच रुग्णालयांत 1 ते 1.8 किलोच्या बाळांवर जागतिक आरोग्य संघटनेने चाचणी घेतली. एका गटात आईची खाट अतिदक्षता कक्षातच. जन्मानंतर लगेच बाळ तिच्या उघड्या छातीशी, दिवसाला सुमारे 17 तास. दुसऱ्या गटात बाळ स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. पहिल्या गटात 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. केंद्र सरकारच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनाही आई-वडिलांना कक्षात घेऊन बाळाची काळजी शिकवायला सांगतात. तरीही कितीतरी आया बाहेरच्या बाकावर बसलेल्या दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मनाची तपासणी अवघड नाही. 1987 साली एडिंबरामध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीत मागच्या सात दिवसांबद्दलचे फक्त दहा प्रश्न आहेत. निदान डॉक्टरच करतात, पण कुणाकडे लक्ष द्यायचं ते त्यातून कळतं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बाई बोलती होते.

घरच्यांच्या हातातही खूप आहे. बाळ स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून नवरा किंवा सासूबाईसुद्धा त्याला छातीशी धरू शकतात. तेवढ्यात बाळंतिणीला दोन तास झोप मिळते. घरी आल्यावर आशाताई बाळाचं वजन करतात, तेव्हा आईलाही विचारा: झोप लागते का, खावंसं वाटतं का? दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा झालाय असं ती म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्री, मराठीतूनही बोलता येतं.