पानाचा शेवट गेला तेव्हा: फीडच्या संथपणाची पार्श्वभूमी

फीड, म्हणजे समाजमाध्यमांवरची पोस्टची न संपणारी यादी, अडखळतं तेव्हा बोट पहिल्यांदा सर्व्हरकडे जातं. डेटा मात्र बरेचदा वेळेवर आलेला असतो. थकलेला असतो तो ब्राउझर.

मुळात ब्राउझर घडला तो शेवट असलेल्या पानांसाठी. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवायची सोय झाली, २००५ मध्ये या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव मिळालं. २००६ मध्ये डिझायनर आझा रास्किन यांनी अखंड स्क्रोलची, म्हणजे खाली सरकत जाऊ तसा नवा मजकूर आपोआप येत राहण्याची, कल्पना मांडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेसबुकचं न्यूज फीड आलं. पुढे अखंड स्क्रोल रुळला तसं 'पुढील पान' हे बटण मागे पडलं. त्या बटणाचं एक मोठं काम कुणाच्या ध्यानात नव्हतं: पान बदललं की आधीचे सगळे नोड (ब्राउझर पानाचा प्रत्येक घटक ज्या रूपात मेमरीत ठेवतो ते) आपोआप साफ व्हायचे. आता ते साचू लागले.

एका पोस्टमध्ये फोटो, बटणं, प्रतिक्रिया मिळून शेकडो नोड सहज होतात. स्क्रोल गुळगुळीत वाटायला सेकंदाला ६० फ्रेम लागतात, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. त्यातच जावास्क्रिप्ट (पानाचा कोड), लेआउट (कोणता घटक कुठे आणि केवढा हे ठरवणं) आणि रंगकाम उरकायचं. कोडने एका पोस्टची उंची बदलली आणि लगेच दुसरीची मोजली, की ब्राउझरला लेआउट तिथल्या तिथे नव्याने मांडावा लागतो. हे लूपमध्ये, म्हणजे एकेका पोस्टसाठी पुन्हापुन्हा, घडलं की फीड गुदमरतंच. मी तरी आधी हेच तपासतो.

२०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट ही पानाचे भाग रचणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी सर्वांसाठी खुली झाली आणि आता हा प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटलं. रिअ‍ॅक्ट डॉममधले (ब्राउझरने मेमरीत ठेवलेल्या नोडच्या रचनेतले) अनावश्यक बदल टाळतं. साचलेले नोड कमी करत नाही. हा फरक आजही निसटतो.

खरा उपाय मोबाइल अ‍ॅपमध्ये आधीपासून होता. आयफोनच्या यादीत वर सरकून दिसेनासा झालेला कप्पा खाली पुन्हा वापरला जाई. वेबवर तोच विचार व्हर्च्युअल लिस्ट म्हणून आला: दिसतंय तेवढंच डॉममध्ये ठेवायचं. पण फीडमधल्या पोस्टची उंची आधी कळत नाही, त्यामुळे अंदाज चुकला की स्क्रोल उडी मारतो. शिवाय जे डॉममध्येच नाही ते पानातल्या शोधाला सापडत नाही, अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही नाही. वेगासाठी ही किंमत मला जड वाटते.

मग ब्राउझरनेच भार उचलायला सुरुवात केली. क्रोममध्ये २०१६ साली एखादा घटक पडद्यावर आला की कोडला कळवणारा इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर आला, २०१७ मध्ये वरचा मजकूर वाढला तरी वाचकाची जागा धरून ठेवणारं स्क्रोल अँकरिंग, आणि २०२० मध्ये 'कंटेंट-व्हिजिबिलिटी'. या शेवटच्या सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) गुणधर्माला 'ऑटो' मूल्य दिलं की पडद्याबाहेरच्या पोस्टचा लेआउट आणि रंगकाम टळतं, तरी ती शोधात सापडते. २०२४ मध्ये सफारी १८ नेही तो स्वीकारला. नोड मात्र मेमरीत राहतातच, म्हणून तासन्‌तास उघड्या राहणाऱ्या फीडला आजही व्हर्च्युअल लिस्ट लागते.